वचनाला एक तारा, सुवार्तेला दोन

मे महिन्यात माझ्या भावाच्या नातीला, किमयाला, चर्चच्या सुट्टीतल्या शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. तिचे आईवडील कामावर, भाऊ गुडघ्यांनी बेजार, तेव्हा टाळ्या वाजवायला घरचं एक माणूस म्हणून मला पाठवण्यात आलं. चर्चच्या मागच्या त्या लांबट हॉलमध्ये मी जवळपास चाळीस वर्षांनी पाऊल टाकलं.

आत एसी होता. पूर्वी जिथं हार्मोनियमची पेटी असायची तिथं भिंतभर पडदा होता. पिवळे टी-शर्ट घातलेली तरुण मंडळी मुलांना इंग्रजी गाण्यांवर हातवारे करायला लावत होती. त्यांतला एकजण माईकवर विचारत होता, येशूवर कोण कोण प्रेम करतं, आणि आवाज कमी आला की परत विचारत होता. तिसऱ्या खेपेला मुलांनी नरडी ताणली तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. मग पडद्यावर प्रश्न आले, प्रत्येकाखाली चार पर्याय, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. किमयाची सगळी उत्तरं बरोबर आली. तिला पाण्याची बाटली मिळाली. बाटलीवर बायबलमधलं वचन छापलं होतं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.

मी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या एका बाईंनी मोठ्या कौतुकानं मला सांगितलं की आता शिकवण्याची पद्धत फार सुधारली आहे, मुलं अगदी रमतात. मी मान डोलावली. मुलं रमतात हे खरंच होतं. त्या वयात मुलं वाळूच्या ढिगाऱ्यातही रमतात, आणि वाळू निदान त्यांना काही विचारत नाही.

हॉलच्या टोकाला जुनं सागवानी कपाट तेवढं जागेवर होतं. जाता जाता मी त्याचं दार ओढलं. डिंक, फिनेल, उंदरांनी कुरतडलेले कागद आणि दमट फ्लॅनेल यांचा मिळून एक वास आला, आणि मी दहा वर्षांची झाले.

आमच्या घरात एक तह झालेला होता. पप्पा प्रोटेस्टंट, आई कॅथलिक. दोघांच्या लग्नाला दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी तोंडं वाकडी केली होती म्हणे. मग असं ठरलं की पोरांनी शनिवारी दुपारी आईच्या चर्चमध्ये प्रश्नोत्तरं शिकायची, रविवारी सकाळी पप्पांच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत जायचं, आणि चौदाव्या वर्षी काय ते ठरवायचं. पप्पा अंबडच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते; त्यांना हा आराखडा बिनचूक वाटे. आम्ही भावंडं दोन मास्तरांच्या हाताखाली राबलो एवढंच.

शनिवार मेणाचा आणि उदाचा होता. दगडी चर्चमध्ये उन्हाळ्यातही पायांना गार लागायचं. रंगीत काचांतून लाल-निळे तुकडे बाकांवर पडायचे आणि मी माझा तळहात त्यांच्याखाली धरायचे, ते रंग हातावर घ्यायला. तेवढ्यात सिस्टर फूटपट्टी बाकावर आपटायच्या. सिस्टर केरळच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. चुकूनसुद्धा पुस्तकाबाहेर जात नसत. त्या प्रश्न वाचायच्या, आम्ही उत्तर म्हणायचो. उत्तरं इतकी पाठ होती की सिस्टरांनी कधी एखादा प्रश्न गाळला तर आम्ही पुढच्या प्रश्नाला मागचं उत्तर देऊन मोकळे व्हायचो, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मला त्या वयात वाटायचं की देवाला ठरावीकच प्रश्न पडतात आणि ते सगळे सिस्टरांच्या पुस्तकात आहेत.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी, म्हणजे पहिल्या कम्युनियनआधी, पापं कबूल करायची होती. माझ्याकडे पापं नव्हती. सिस्टरांनी ती अडचण आधीच ओळखून फळ्यावर नमुन्याची यादी लिहून दिली होती: खोटं बोलणे, चोरून खाणे, प्रार्थनेत लक्ष नसणे. मी त्यांतली तीन निवडली, आणि यादी फारच किरकोळ दिसेल म्हणून भावाची दोन त्यात घातली. जाळीपलीकडे फादरांच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. त्यांनी जांभई दाबत मला पाच वेळा ‘नमो मारिया’ म्हणायला सांगितलं. मी गुडघे टेकून ते म्हटलं, भावाच्या वाटच्यासकट. देवाच्या घरात पहिलं खोटं मी त्या दिवशी बोलले, आणि ते मला शिकवून बोलायला लावलेलं होतं. पांढरा फ्रॉक मात्र सुंदर होता. त्याच्या कांजीचा करकर आवाज अजून कानात आहे.

रविवार डिंकाचा होता. या हॉलच्या भिंतीवर एक तक्ता असायचा, डावीकडे आमची नावं, पुढे चौकोन. वचन न चुकता म्हटलं की एक तारा. उशिरा आलं तर त्या दिवशी तारा नाही. आणि घरी किंवा शेजारी ज्यांना प्रभू माहीत नाही अशा कुणाला सुवार्ता सांगितली तर दोन तारे. तारे चमकीच्या कागदाचे होते, भालेराव टीचर ते जिभेनं ओले करून चिकटवायच्या. टीचर त्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, मेहुणी. अंगानं किरकोळ, आवाजानं भरदार, केसांत कायम एक पिवळी शेवंती. वाईट बाई नव्हत्या. आम्ही आजारी पडलो तर घरी येऊन पेजेची चौकशी करायच्या. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट बाई असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या नावापुढे एकही चौकोन रिकामा नव्हता.

चर्चच्या बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मुली दोघी-दोघींच्या रांगेत यायच्या. खोबरेल तेल आणि धुण्याचा सोडा, असा त्यांचा वास रांगेच्या आधी हॉलमध्ये शिरायचा. निळ्या रिबिनी, पायांत एकसारख्या स्लिपर. बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. त्यांच्यात मंगल होती. ती माझ्या शेजारी बसायची, कारण तिची जागा रांगेत शेवटची आणि माझ्या बाकावर एक जागा मोकळी. तिच्याकडून मला कळलं की नागलीच्या भाकरीला काळसर तांबडा रंग असतो, की त्यांच्याकडे भातलावणीत गुडघ्याएवढ्या चिखलात गाणी म्हणतात, की वाघाचासुद्धा देव असतो आणि त्याला नारळ लागतो. माझ्याकडून तिला कळलं की अवघड वचन तालावर पाठ केलं तर लवकर बसतं. आमचा हा व्यवहार तिच्या तोट्याचा होता, पण हे मला फार उशिरा कळलं.

मंगलच्या घरचं कुणी ख्रिस्ती नव्हतं. शिकायला मिळतं म्हणून तिच्या बापानं तिला बोर्डिंगमध्ये घातलं होतं. तिला आई नव्हती, वाढवलं आजीनं. प्रत्येक बोलण्यात आजी यायची. आजी अशी बसते, आजी असं म्हणते, आजीच्या लुगड्याला धुराचा वास येतो आणि तो आला नाही तर झोप येत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यावर मंगलच्या नावापुढे एकदम दोन तारे लागले. मला थोडी जळजळ झाली. माझ्या शेजारीपाजारी सगळे माळी, त्यांना सुवार्ता सांगायला गेलं तर ते हातात फुलांची पुडी देऊन घरी पाठवायचे.

जानेवारीत, द्राक्षबागांच्या फवारणीचा उग्र वास गावात शिरतो त्या दिवसांत, मंगलची आजी गेली. तिचा काका जीपनं तिला न्यायला आला. चौथ्या दिवशी ती परत आली आणि रविवारी माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या केसांना धुराचा वास होता. तिनं ते मुद्दाम धुतले नसावेत.

त्या रविवारी टीचरांनी फ्लॅनेलचा फळा लावला होता. निळं फ्लॅनेल, त्यावर कापडाची माणसं चिकटायची. एक अरुंद वाट वर, ढगातल्या पिवळ्या दारापर्यंत. एक रुंद रस्ता खाली, तिथं लाल-केशरी कापडाच्या ज्वाळा. कुणी कुठं जायचं ते टीचर समजावत होत्या. मंगलनं हात वर केला. तिनं विचारलं, “टीचर, माझी आजी आता कुठं हाय?”

टीचर क्षणभर थांबल्या. त्या थांबण्यात एक बाई होती, हे मी आज मान्य करते. मग ती बाई आत गेली आणि शिक्षिका बाहेर आली. टीचर माझ्याकडे वळून म्हणाल्या की याचं उत्तर आपण नाही द्यायचं, वचन देईल, आणि ते वचन कुणाला येतं?

मला येत होतं. मी उठले. नाव, अध्याय, ओवी यांसकट खणखणीत म्हटलं. टीचरांनी डब्यातून कापडाची एक म्हातारी काढून माझ्या हातात दिली. मुलांना नीट कळावं म्हणून, म्हणाल्या. मी पुढे गेले आणि ती म्हातारी ज्वाळांवर दाबून बसवली. कापड कापडाला लगेच चिकटलं.

त्या दिवशी मला एक तारा मिळाला. मंगल रडली नाही. ती फळ्याकडे बघत राहिली, जसं कुणी ओळखीच्या माणसाकडे लांबून बघतं.

शनिवारी मी सिस्टरांना तोच प्रश्न विचारला, आजी कुणाची ते न सांगता. तिथं काहीतरी वेगळं निघेल अशी आशा होती. दोन दुकानं असल्याचा तेवढा तरी फायदा. सिस्टरांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली. बाप्तिस्म्यावाचून तारण नाही. पण पुढची ओळ अशी होती की ज्यांना प्रभूविषयी कधी कुणी सांगितलंच नाही, त्यांच्या अज्ञानाबद्दल देव त्यांना दोषी धरत नाही. सिस्टरांनी विचारलं, त्या बाईंना कुणी सांगितलं होतं का? मी म्हटलं, नसेल, त्या डोंगरात राहायच्या. मग आशा आहे, असं म्हणून सिस्टरांनी पुस्तक मिटलं.

मी धावतच होते म्हणा ना, रविवारपर्यंत. उपासना सुटल्यावर आवारातल्या चिंचेखाली मंगलला गाठलं आणि धापा टाकत सांगितलं की तुझी आजी वाचली, तिला येशूबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं ना, मग तिला माफ आहे.

तिचे ओठ पांढरे पडले होते.

“मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दिवाळीत. दोन तारे मिळाले नाय का.”

दोन्ही चर्चेसनी मिळून दहा वर्षांच्या पोरीला इतकं शिकवलं. एकानं आजीला आगीत टाकलं, दुसऱ्यानं ते कुणाच्या हातून झालं ते सांगितलं, आणि मधला निरोप्या मी. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं.

त्यानंतर मंगलनं वचन म्हणणं सोडलं. दर रविवारी तिचं नाव पुकारलं जायचं, ती उभी राहायची, हात सरळ, नजर खिडकीबाहेर, आणि टीचर पाच-सहा क्षण थांबून तिला बसायला सांगायच्या. तिच्या नावापुढे रिकाम्या चौकोनांची ओळ लांबत गेली. ती आता माझ्या शेजारी बसत नव्हती. मीही तिला बोलावलं नाही. माझं स्थान पुढच्या बाकावर होतं, आणि पुढचा बाक मला आवडत होता.

चौदाव्या वर्षी आमचा स्थिरीकरणाचा, म्हणजे चर्चचं पक्कं सभासद होण्याचा, वर्ग लागला; बोर्डिंगच्या मुलींनाही त्यात बसवत. मी पप्पांचं चर्च निवडलं, कारण तिथं बक्षिसं जास्त होती. आईनं एक दिवस जेवण सोडलं आणि मग माझ्यासाठी फ्रॉक शिवायला घेतला. वर्ग पाळकसाहेब स्वतः घेत. शेवटच्या दिवशी, परीक्षेचा ताण जावा म्हणून की काय, त्यांनी हसत हसत विचारलं, स्वर्गात कुणाकुणाला जायचंय, हात वर करा. सगळे हात वर गेले. मंगलचा गेला नाही. पाळकसाहेबांना वाटलं तिनं ऐकलं नाही. त्यांनी जवळ जाऊन परत विचारलं.

मंगल उभी राहिली. चार वर्षांत त्या हॉलमध्ये तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

“नको,” ती म्हणाली. “तिथं माझ्या ओळखीचं कुणीच नाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. उद्धटपणा, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि तिचं नाव यादीतून काढलं. बोर्डिंगच्या बाईंना कळवण्यात आलं की या मुलीचा इतर मुलींवर परिणाम होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीला ती पत्र्याची पेटी घेऊन जीपमध्ये बसली, आणि जूनमध्ये तिची खाट दुसऱ्या मुलीला मिळाली. तिची नववी झाली नाही. शिकायला मिळतं म्हणून आली होती ती.

माझं स्थिरीकरण थाटात झालं. हातांत लिलीची फुलं, डोक्यावर पाळकसाहेबांचा जड तळहात. त्या तळहाताखाली काहीही झालं नाही. पुढं कॉलेजात गेल्यावर मी दोन्ही चर्चेस सोडली आणि तिसरा धर्म धरला, तुच्छतेचा. तो पाळायला फार सोपा आहे. त्यात काही पाठ करावं लागत नाही. नाताळात कुणी गाणी म्हणत दारात आलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. भावानं विचारलं तर सिस्टर, टीचर, फादर यांच्या नकला करून सगळ्यांना हसवायचे. मंगलची गोष्ट मात्र मी त्या नकलांत कधी घेतली नाही.

किमयाच्या बक्षीस समारंभात, कपाटाचं दार लावताना, मागून कुणीतरी मला हाक मारली. बोर्डिंगच्या आताच्या अधीक्षिका होत्या, सुरगाण्याच्याच. बोलता बोलता मी मंगलचं नाव काढलं. त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, मंगलताई आमच्या पलीकडच्या पाड्यावर असतात, अंगणवाडीत आहेत. आणि रविवारी पोरांना जमवून देवाचं सांगतात.

माझा विश्वास बसला नाही. मी दोनदा विचारलं, कुठल्या देवाचं? येशूचंच, बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचं.

खरं सांगते, मला राग आला. माझी इतक्या वर्षांची तुच्छता मी तिच्या जिवावर जोपासली होती, आणि ती तिकडं शब्बाथ शाळा चालवत होती.

नोव्हेंबरात गेले. वणीपर्यंत एसटी, तिथून सुरगाण्याला, पुढं जीप. भात कापून झाला होता, खाचरांत पिवळे खुंट उभे होते. मंगल ओसरीवर सुपात नागली पाखडत होती. केस पिकलेले, बांधा तोच. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही. पाणी दिलं, सूप पुन्हा हातात घेतलं. मी बसमध्ये जुळवून आणलेलं सगळं सांगितलं. मी लहान होते, मला कळत नव्हतं, मला वाईट वाटतं.

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “लय छान म्हटलं होतंस तू. एक शब्द चुकला नव्हता.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. थोड्या वेळानं मी विचारलं की एवढं होऊनही तू हे कसं काय करतेस. तिनं सूप खाली ठेवलं. बरीच वर्षं ती येशूचं नाव घेत नव्हती, तिनं सांगितलं. आजीला आपणच घालवलं असं वाटायचं. मग तिची मुलगी मोठी झाली, गोष्टी मागायला लागली, तेव्हा एकदा मंगलला आठवलं की दिवाळीत तिनं आजीला येशूची गोष्ट सांगितली तेव्हा आजी काय बोलली होती.

“गरीब माणूस दिसतो, म्हणाली. पायीपायी फिरतो, त्याला घर नाय. इकडं आला तर जेवायला घेऊन ये, म्हणाली.” मंगल माझ्याकडे बघून हसली. “आता तूच सांग. असं बोलावणाऱ्या बाईला तो जाळंल? टीचरला तो नीट माहीत नव्हता, झालं.”

टीचरला माहीत नव्हता, आणि मला तर तो कधी माणूस वाटलाच नव्हता.

तेवढ्यात पोरं यायला लागली. दहा-बारा असतील, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. शेणानं सारवलेल्या ओसरीवर ती कशीही बसली. भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक आरसा, बाकी काही नव्हतं. मंगलनं डोळे मिटून चार ओळींची प्रार्थना केली, तिच्या स्वतःच्या भाषेत, आणि विचारलं की आज कुणाला काय सांगायचंय.

सहा-सात वर्षांची एक मुलगी, नाक वाहत असलेली, म्हणाली की तिची शेळी मेली. आणि मग विचारलं, ती कुठं गेली?

मी ताठ झाले. आता ती काय सांगते बघू, असं माझ्या आतलं सगळं जुनं विष जमा होऊन वाट बघायला लागलं. खरं तर मला ती चुकायला हवी होती.

मंगल म्हणाली, “मला नाय माहीत, बाय. कशी होती ती?”

मुलगी सांगायला लागली. ती पांढरी होती पण पूर्ण पांढरी नाही. तिला कढीपत्ता आवडायचा. पाऊस आला की ती घरात यायची आणि चुलीपाशी बसायची, मग आई ओरडायची. कुणी घाई केली नाही. कुणी मध्ये वचन घातलं नाही. एका पोरानं आठवण दिली की शेळीनं त्याच्या वहीचं पान खाल्लं होतं, आणि मुलगी म्हणाली की हो, गणिताचं. सगळी हसली. त्या रविवारी दुसरा काही धडा झालाच नाही. मंगलनं शेवटी एवढंच म्हटलं की देवा, ही शेळी तुला माहीत हाय, तिला बघ, आणि पोरं उठून पांगली.

मंगल चहा ठेवायला आत गेली. ती मुलगी मात्र गेली नव्हती. तिचं सांगणं संपलं नव्हतं. ओसरीवर दुसरं कुणी उरलं नाही म्हणून ती सरकत सरकत माझ्याजवळ आली, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि पुढचं सांगायला लागली. मी माझी पर्स बाजूला ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसले.